पाच किलोमीटरची रेघ

गोव्याची एकूण जमीन 3,702 चौरस किलोमीटर. त्यातली साडेसातशेहून थोडी जास्त अभयारण्यांत आणि एका राष्ट्रीय उद्यानात मोडते. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर, मोले. म्हणजे पाचातला एक वाटा आपण रानाला देऊन टाकला. खाणी आणि बंगले यांच्या चिमटीत सापडलेल्या राज्याने एवढं करावं, याचं कौतुकच करायला हवं. (म्हादई आणि नेत्रावळी 1999 साली राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी जाहीर केली. आमदार घरी बसले होते म्हणून जमलं, असं आमच्या ऑफिसात अजून म्हणतात.)

आणि समुद्रात किती? शून्य. मांडवीतल्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटर खारफुटीचं. भरतीचं पाणी तिथवर येतं, तेवढाच आपला आणि खाऱ्या पाण्याच्या संरक्षणाचा संबंध. ज्या राज्यात दुपारच्या जेवणाला नुस्तं, म्हणजे मासळी, नसेल तर घरात कोणाला बरं नाही का, असं विचारतात, त्या राज्याने ज्या पाण्यातून ते नुस्तं येतं त्यातला एक वावही राखून ठेवलेला नाही. मला हे कोडं गेली काही वर्षं सुटलेलं नाही.

डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं की 2030 पर्यंत तीस टक्के जमीन आणि तीस टक्के समुद्र राखायचा. भारतही त्यात आहे. जमिनीच्या बाबतीत गोवा निम्म्याहून पुढे निघून गेला. समुद्राच्या बाबतीत अजून किनाऱ्यावरच.

हा विषय डोक्यात शिरला तो मालीमच्या जेटीवर. तिथे सकाळी ट्रॉलर लागतात. पापलेट, इसवण, माणक्या, सुंगटं बर्फाच्या क्रेटमधून सटासट बाजूला होतात, बोलीवाले ओरडत असतात, आणि सगळ्यांच्या पाठीमागे एक ढीग पडलेला असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो फिशमीलला, म्हणजे माशांची भुकटी करायला जातो. एकदा मी त्या ढिगाशी उकिडवा बसलो. बोटाएवढे लेपे. नखाएवढ्या कुर्ल्या, पाय मोडलेल्या. तळहातावर मावेल एवढी वागळी, तिची शेपूट अजून हलत होती. एक समुद्री साप, मेलेला. तारामासे, शिंपांचा चुरा, आणि चिखल. ढीग निवडणाऱ्या बाईने त्यातून एक चंदेरी, वीतभरही नसलेला मासा उचलून मला दाखवला. इसवणीचं पिल्लू. मोठी झाली असती तर तुझ्या पगाराला परवडली नसती, म्हणाली, आणि परत ढिगात टाकलं.

ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे आस, म्हणजे छिद्रं, बारीक असले की त्यातून काही सुटत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, ट्रॉलरवाल्यांनाही. एका ट्रॉलर मालकाने मला सांगितलं की मी मोठ्या आसाचं लावलं तर शेजारचा बारीक आसाचं लावून माझ्या पुढून घेऊन जाणार, मग मी कशाला शहाणपणा करू? त्याचं चुकीचं आहे असं मला म्हणता आलं नाही. एकेकट्याच्या शहाणपणाने समुद्र वाचत नाही. तिथे सगळ्यांनाच बंदी असेल अशी जागा लागते.

आणि अशा जागेत नेमकं काय वाचतं, तर म्हातारे मासे. आपल्याला वाटतं, मोठा मासा काढला आणि छोट्यांना वाढू दिलं की झालं. माशांचं गणित उलटं आहे. तांबशाच्या कुळातल्या अमेरिकेकडच्या एका माशाचा हिशेब जीवशास्त्रज्ञ नेहमी सांगतात: 61 सेंटिमीटर लांबीची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी घालायला 42 सेंटिमीटरच्या 212 माद्या लागतात. लांबी दीडपटही नाही, अंडी दोनशेपट. गोबऱ्याची तर आणखी तऱ्हा. गोबरा जन्मतो मादी म्हणून, आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे हॉटेलवाल्याला हवे तसे मोठे गोबरे निवडून काढले की मागे राहतात त्या सगळ्या माद्याच. विधवांचा गाव.

म्हणून समुद्रात राखीव जागा लागते, आणि ती मोठी लागते. माडाच्या बागेएवढ्या तुकड्यात गोबरा म्हातारा होत नाही. तो हिंडत हिंडत हद्दीबाहेर जातो आणि गळाला लागतो. ही गोष्ट उष्ण समुद्रांत अधिकच खरी. प्रवाळाच्या खडकांनी सगळ्या सागरतळाचा एक टक्काही व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या माहीत असलेल्या जातींपैकी साधारण पाव जाती कुठल्या ना कुठल्या वयात तिथे आसऱ्याला असतात.

गोव्यात प्रवाळ आहे, हे ऐकून अजून लोक हसतात. आहे. वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडच्या आडोशाला आहे. लक्षद्वीपच्या पोस्टरवरचं निळंशार पाणी मनात धरून तिथे उडी मारली तर निराशा होईल. पाणी हिरवट, गढूळ. बऱ्याचदा आपलाच पसरलेला हात धूसर दिसतो. डोळे सरावले की मग खडकाला चिकटलेले पोराइट्सचे तपकिरी गोळे दिसू लागतात, टर्बिनारियाचे मुडपलेले पत्रे दिसतात, त्यांच्या फटीत घुसणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मांडवी-झुवारीचा गाळ अंगावर घेत जगणारं हे प्रवाळ आहे, चिवट, आपल्यासारखंच. नारळाएवढा पोराइट्सचा गोळा व्हायला दहा-वीस वर्षं सहज लागतात. आणि त्याच्यावर सहलीच्या होडीचा नांगर पडायला एक क्षण. वरून पाव टाकला जातो, मासे गोळा होतात, पर्यटक खूश.

यात गंमत अशी की 2001 पासून आपल्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ जिथे आहे तिथे. कागदावर ग्रँड आयलंडच्या त्या गोळ्याला आणि वाघाला एकच मान. पण वाघाला घर दिलं, याला नाही.

बाहेरच्या जगात गेल्या वीस वर्षांत समुद्री अभयारण्यांचे आकडे असे फुगले की वाचताना गरगरतं. हवाईच्या वायव्येचं पापाहानाउमोकुआकेआ (हे नाव एका दमात म्हणून दाखवावं) 2006 मध्ये बुश यांनी जाहीर केलं आणि 2016 मध्ये ओबामांनी वाढवून पंधरा लाख चौरस किलोमीटर केलं. म्हणजे जवळपास पाच महाराष्ट्र. ट्यूनासारखा हजारो मैल फिरणारा मासा राखीव पाण्याला काय भीक घालणार, असा तेव्हा आक्षेप होता. 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: हद्दीच्या बाहेर, पण हद्दीजवळ गळ टाकणाऱ्या बोटींना तेवढ्याच गळांवर मिळणारा पिवळ्या परांचा ट्यूना 54 टक्क्यांनी वाढला होता. जे बंद ठेवलं ते सांडून बाहेर आलं.

मला मात्र त्याहून मेक्सिकोतल्या काबो पुल्मोची गोष्ट जवळची वाटते. अवघं 71 चौरस किलोमीटर. तिथल्या मासेमार कुटुंबांनीच धरलेल्या आग्रहातून 1995 मध्ये तो भाग राष्ट्रीय उद्यान झाला, आणि त्यांनी स्वतः तिथे जाळी टाकणं सोडलं. 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन पाचपटीहून जास्त झालं. मोठे शिकारी मासे परत आले. राखण कोण करतं? तीच माणसं.

याच्या उलट चागोस. हिंदी महासागर, म्हणजे आपल्याच अंगणातली गोष्ट. 1968 ते 73 दरम्यान ब्रिटिशांनी दिएगो गार्सियाच्या लष्करी तळासाठी तिथल्या माणसांना बेटांवरून उठवलं, आणि 2010 मध्ये त्याच रिकाम्या केलेल्या पाण्यात साडेसहा लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचं अभयारण्य जाहीर केलं. मासे राहतील, माणसं परत यायची नाहीत. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ही घोषणा सागरी कायद्याचा भंग करणारी ठरवली. प्रवाळ तिथे उत्तम आहे, यात वाद नाही. पण ‘समुद्री अभयारण्य’ हा शब्द ऐकला की किनाऱ्यावरच्या माणसाच्या पोटात गोळा का येतो, हे चागोस वाचलं की कळतं. शिवाय कागदावरची हद्द पुसायलाही वेळ लागत नाही: प्रशांत महासागरातलं जे राखीव पाणी ओबामांनी 2014 मध्ये वाढवलं, तिथे एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प यांच्या आदेशाने व्यापारी मासेमारीला वाट मोकळी करून द्यायचं ठरलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

पोटात गोळा येण्याची गोष्ट मला घरातूनच माहीत आहे. माझ्या मावशीचं सासर मालवणला. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, 29 चौरस किलोमीटरचं, त्यातला पद्मगडाभोवतीचा तीनेक चौरस किलोमीटर गाभा. मावसभाऊ होडीचा माणूस. हा विषय काढला की तो भडकतो. “तुमी नकाशार रेघ मारतास, आणि ती आमच्या पोटार येता,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. मालवणच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो काही अडाणीपणा नाही. त्यांना वर्षानुवर्षं कोणी नीट सांगितलंच नाही की नेमकं काय बंद, काय चालू. एवढं झाल्यावर पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढणारे) बाहेरून येऊन बांगडा उचलून नेतात ते नेतातच. माझा भाऊ म्हणतो, अभयारण्य बघायला मिळतं ते बोर्डावर. तरीही पर्यटकांना प्रवाळ दाखवून त्याच्या घरात चार पैसे येतात, आणि त्या प्रवाळाला कोणी हात लावलेला त्याला खपत नाही, हेही मी पाहिलंय.

मजा म्हणजे कायदा त्याच्या बाजूने आहे. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर हद्द नौदलाच्या मुख्य जलालेखन अधिकाऱ्याशी सल्लामसलत करून ठरवावी आणि त्याआधी स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं पुरेसं रक्षण करावं, असं वन्यजीव कायद्यातच लिहून ठेवलंय. पण ते कलम किनाऱ्यावर कोणी वाचून दाखवत नाही.

आता मूळ मुद्दा. गोव्याला समुद्रात रेघ मारणं नवीन नाही. आपल्याकडे एक रेघ आहे. ती रापणकारांनी भांडून मिळवलेली आहे.

रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीतून लांबच लांब जाळं अर्धगोलात सोडत जायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून गावातली माणसं दोर ओढणार. म्हातारी, पोरं, सहज फिरायला आलेला पाहुणा, जो हात लावेल त्याला वाटा. मोरजीला लहानपणी मी वाट्यासाठी दोर ओढायचो असं आई सांगते. माझ्या मते मी दोराला लोंबकळायचो. मुक्तीनंतर, साठच्या दशकात, ट्रॉलर आले, सरकारी मदत घेऊन आले, आणि रापणीच्या तोंडासमोरून मासा उचलू लागले. सत्तरच्या दशकात समुद्रात आणि किनाऱ्यावर मारामाऱ्या झाल्या. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे पुढारी उभे राहिले, रापणकारांचा एकवट (संघटना) झाला, उपोषणं, मोर्चे. त्यातून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला: किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचं पाणी पारंपरिक मच्छीमारांचं, यांत्रिक ट्रॉलरनी आत यायचं नाही.

हे अभयारण्य नव्हे, मला ठाऊक आहे. त्यात प्रवाळाचा ‘प’ही नाही. पण तळ खरवडणारं जाळं जिथे चालत नाही असा पाच किलोमीटर रुंदीचा, पोळें ते केरीपर्यंतचा पट्टा कागदावर चाळीस वर्षांहून जास्त काळ आहे. कोणी शास्त्रज्ञाने मागितला असता तर मिळाला नसता. तो पोटासाठी मागितला म्हणून मिळाला. आणि आज रात्री मोरजीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर त्या पट्ट्याच्या आत दिवे दिसतात. 2017 च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या जाळ्यावर बंदी घातली. दिवे विझलेले नाहीत. तक्रार केली की गस्तीची बोट दुरुस्तीला गेलेली असते, असा आमच्या गावचा अनुभव.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की गोव्याचं समुद्री अभयारण्य शून्यातून आखायला बसू नये. या रेघेपासून सुरुवात करावी. ती आधी खरी करावी, मग तिच्या आत काही जागा पूर्ण बंद कराव्यात, आणि मग बाहेरच्या बाजूला वाढवत न्यावी. ग्रँड आयलंडभोवतीचं पाणी संपूर्ण बंद: जाळं नाही, गळ नाही, नांगर नाही, सहलीच्या होड्या बांधायला तरंगते बोये. दक्षिणेत काणकोणला आगोंद-गालजीबागसमोर, उत्तरेत मोरजी-मांद्र्यासमोर तसंच. बाकी पट्ट्यात रापण, पागोळी, गळ, हातजाळी खुशाल चालू राहू देत. आणि उत्तरेकडे तेरेखोलच्या तोंडाशी थांबू नये, कारण मासा राज्याची हद्द मानत नाही. वेंगुर्ल्याच्या खडकांपासून मालवणपर्यंतचा पट्टा महाराष्ट्राने जोडून घ्यावा. त्याच्याही पलीकडे, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रिया बँक नावाचं दोन हजार चौरस किलोमीटरचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, प्रवाळाने भरलेलं. ते राज्यांच्या हाताबाहेर, बारा सागरी मैलांच्या पलीकडे, म्हणून ते काम दिल्लीचं.

मोरजी मी मुद्दाम घेतली, गाव माझा म्हणून नव्हे. बरं, थोडं म्हणूनही. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मी लहान असताना ती अंडी खणून काढली जात, खाल्ली जात, विकली जात. कोणाला त्यात पाप वाटत नसे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वनखात्याने ज्यांना राखणीला बसवलं त्यांत घरटी अचूक ओळखणारे गावचेच लोक होते. अंडी कुठे असतील हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आता डिसेंबर-जानेवारीत घरट्याभोवती जाळी लागते, शॅकवाल्यांचे दिवे मंद होतात, पर्यटक कुजबुजत उभे राहतात. सगळं छान. पण कासवीण वाळूवर येते तासाभरासाठी. उरलेला काळ ती समुद्रात असते, आणि तिथे ट्रॉलरच्या जाळ्यात अडकली तर श्वासासाठी वर येता येत नाही म्हणून बुडून मरते. तासाची राखण आणि वर्षभराची नाही, हा कसला हिशेब?

समुद्रतज्ज्ञ मित्राला हे सगळं ऐकवलं तेव्हा तो थंडपणे म्हणाला, आणि गरम पाण्याला कोण अडवणार? त्याचं खरं आहे. एप्रिल 2024 मध्ये चौथं जागतिक प्रवाळ विरंजन (गरम पाण्याने प्रवाळ पांढरं पडणं) जाहीर झालं, त्यात लक्षद्वीपही होरपळलं. आपल्या किनाऱ्यावर तर आणखी एक दुखणं आहे. पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्याजवळच्या तळाला प्राणवायू जवळजवळ संपतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोर वर्षानुवर्षं पाणी मोजत आले आहेत. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हे जगासमोर मांडलं. जमिनीवरून येणारं सांडपाणी आणि खतं त्यात भर घालतात. अभयारण्याच्या हद्दीवर पाटी लावून हे थांबत नाही. मात्र पांढरं पडलेलं प्रवाळ पुन्हा धरायचं असेल तर खडक शेवाळाने भरलेला चालत नाही, आणि शेवाळ खाणारे मासे जिथे शिल्लक असतात तिथे खडक मोकळा राहतो. आजाऱ्याचा ताप उतरवता येत नसेल तर निदान त्याच्या छातीवर बसू नये, इतपत तरी आपल्या हातात आहे.

आणि बंदी आपल्या माणसाला कळत नाही, हे मला मान्य नाही. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस समुद्र बंद असतो. सरकारी बंदी यायच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी ढकलत नाहीत. 29 जूनला ख्रिस्ती मच्छीमार सांगोडाला होड्या जोडून नदीत उत्सव करतात, तोही बंदीच्याच दिवसांत. काळाची बंदी मानणारी माणसं जागेची बंदी मानणार नाहीत, असं का धरून चालायचं?

हेच मी मोरजीच्या एका जुन्या रापणकाराला विचारलं. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ते जाळं सांधत होते, मान वर न करता ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, बंद जागेत ट्रॉलर शिरला तर? म्हटलं, गस्तीची बोट. ते हसले. सुई दातात धरून त्यांनी दोरा तोडला आणि आपल्या अटी सांगितल्या. राखणेची होडी गावची, माणसं गावची, पगार वनखात्याचा, डिझेल सरकारचं. पकडलेल्या ट्रॉलरच्या दंडातला वाटा रापणीच्या वाट्यासारखा गावात वाटायचा. आणि दर तीन वर्षांनी आत काय आहे ते दोनापावलच्या लोकांनी मोजायचं आणि देवळाच्या मांडवात येऊन, मराठीत किंवा कोंकणीत, सगळ्यांसमोर सांगायचं.

मी वहीत लिहून घेतलं. मांद्र्याच्या आमदारांकडे पाठवू का, असं विचारलं, तर म्हणाले, पाठव, पण डिझेलचं पहिलं लिही.